गरम जेट बोट पुन्हा सुरू होत नाही: तीन सुटे भाग मोसमभर वापरल्यानंतरचा अनुभव

थंड असताना पहिल्याच सेल्फला उचलणारं इंजिन, तासभर जोरात पळवून बंद केलं की वीस मिनिटांनी सुरू व्हायचं नाव घेत नाही. कार्ब्युरेटर असलेल्या व्ही-८ जेट बोटींची (पंपाने पाणी मागे फेकून पळणाऱ्या बोटींची) ही फार जुनी तक्रार. त्यावर तीन भाग सर्रास सुचवले जातात: कार्ब्युरेटरखालचा उष्णता अडवणारा फेनॉलिक स्पेसर, टाकीकडे परतीची नळी जोडता येणारा पेट्रोल फिल्टर आणि गिअर रिडक्शनचा (आतल्या गिअरमुळे जास्त जोर लावणारा) सेल्फ. तिन्ही बसवून पूर्ण मोसम वापरून झाल्यावरचं हे मत आहे. पहिल्या दोघांनी दुखण्याच्या मुळावर काम केलं. तिसरा चांगला आहे, पण त्याच्याकडून पेट्रोलच्या दुखण्यावर इलाजाची अपेक्षा ठेवली तर पैसे वाया जातील.

भाग विकत घेण्याआधी निदान करायलाच हवं, कारण ‘गरम असताना सुरू होत नाही’ या एका लक्षणामागे एकमेकांच्या अगदी उलट दुखणी असतात.

इंजिन चालू असताना जेट पंपाच्या दाबावर पाणी ब्लॉकमधून फिरत असतं. किल्ली बंद केली की पाणी थांबतं, पण लोखंडात साठलेली उष्णता कुठे जाणार? ती इनटेक मॅनिफोल्डमधून (हवा-पेट्रोल सिलिंडरकडे नेणाऱ्या भागातून) वर कार्ब्युरेटरकडे चढते. वर इंजिनाचं झाकण लावलेलं, आत वारा नाही. बंद केल्यानंतरची १५ ते ३० मिनिटं सगळ्यात वाईट. पेट्रोलमधले हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसपासूनच उकळू लागतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आणखी लवकर वाफ धरतं. थंड देशांत हिवाळ्यासाठी जास्त उडणारं पेट्रोल विकतात. ते टाकीत शिल्लक राहून पहिल्या उन्हाच्या दिवशी वापरलं गेलं, तर त्रास हमखास वाढतो.

आता या उकळण्याचे दोन परिणाम होतात. फ्लोट बाऊलमधलं (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीतलं) पेट्रोल बुडबुड्यांसकट वर येऊन बूस्टरमधून (घशात पेट्रोल सोडणाऱ्या नळीतून) मॅनिफोल्डमध्ये ठिबकलं, तर इंजिन फ्लड होतं, म्हणजे जास्त पेट्रोलने गुदमरतं: प्लग ओले, पेट्रोलचा वास, सुरू झालंच तर काळा धूर. उलट बाऊल उकळून रिकामा झाला किंवा पेट्रोल खेचणाऱ्या पंपाकडे येणाऱ्या नळीत वाफ अडकली, तर इंजिनाला पेट्रोलच मिळत नाही. पहिल्या दुखण्यात थ्रॉटल पंप केला की ते वाढतं, दुसऱ्यात बाऊल भरेपर्यंत सेल्फ मारून मग थ्रॉटल पंप करावा लागतो. चुकीच्या बाजूचा उपाय करत राहिलं की शेवटी बॅटरी बसते.

ओळखायची पद्धत सोपी आहे. बोट घट्ट बांधा, इंजिन नेहमीच्या कामाच्या तापमानाला आणा, बंद करा आणि वीस मिनिटं थांबा. झाकण उघडून आधी वास घ्या, मग ब्लोअर (इंजिनखोलीतली वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा. किल्ली बंद असतानाच फ्लेम अरेस्टर (कार्ब्युरेटरवरची ज्वाळा अडवणारी जाळी) काढा आणि ठिणगी न पडणाऱ्या बंदिस्त टॉर्चने कार्ब्युरेटरच्या घशात पाहा. थ्रॉटलला हात न लावता बूस्टरमधून थेंब पडत असतील तर फ्लडिंग. कोरडं दिसलं तर हाताने थ्रॉटल एकदा पूर्ण उघडा. ॲक्सिलरेटर पंपाच्या (थ्रॉटल उघडताच पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) दोन ठसठशीत धारा आल्या पाहिजेत. धार नाही, नुसता फुसकारा आला, तर बाऊल रिकामा. धारा नीट असतील आणि थेंबही पडत नसतील, तर पेट्रोलचा नाद सोडून ठिणगी आणि सेल्फकडे वळा. फ्लेम अरेस्टर परत बसवल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही.

फ्लड झालेलं इंजिन सुरू करताना थ्रॉटल पूर्ण उघडा धरतात, पंप अजिबात करत नाहीत. इथे जेट बोटीचा खास धोका आहे. बहुतेक जेटमध्ये पंप क्रँकशाफ्टला थेट जोडलेला असतो, मधे गिअरबॉक्स नाही. इंजिन उघड्या थ्रॉटलवर सुरू झालं की इम्पेलरही (जेट पंपाचं पातं) त्याच क्षणी जोरात फिरतो. बकेट (धार मागेपुढे वळवणारी झडप) न्यूट्रलला असली तरी थोडा जोर मागेपुढे सुटतोच. म्हणून बोट बांधलेली हवी, मागे पाण्यात कोणी नको, आणि इंजिन उचलताच हात लगेच आयडलवर यायला हवा. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मधे एक-दोन मिनिटांची विश्रांती द्या. लांबलचक क्रँकिंगमध्ये जेट पंप थोडं थोडं पाणी एक्झॉस्टमध्ये ढकलत राहतो आणि ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा दाब नसतो. साठलेलं पाणी सिलिंडरमध्ये परत येऊ शकतं. सेल्फ फिरता फिरता खटकन थांबला तर जबरदस्ती करू नका. सगळे प्लग काढून पाणी आहे का ते पाहा.

आता स्पेसर. फेनॉलिक म्हणजे राळेत दाबून बनवलेली कडक पाटी; ती उष्णता फार कमी वाहून नेते. ॲल्युमिनियमचा स्पेसर दिसायला छान, पण या कामाला निरुपयोगी, तो उष्णता उलट वर पोचवतो. अर्धा इंच जाडीनेही फरक पडतो, एक इंचाने स्पष्ट पडतो. चार स्वतंत्र भोकांचा घ्या. मधे एकच मोठी पोकळी असलेल्या स्पेसरने कमी वेगावरचा प्रतिसाद ढिला होतो. बसवण्याआधी फ्लेम अरेस्टरवर मळलेल्या पुट्टीचा गोळा ठेवून इंजिनाचं झाकण लावून पाहा. गोळा किती चेपतो त्यावरून वर जागा किती उरते ते कळतं. स्टड लांब लागतील, वर-खाली दोन्हीकडे नवीन गॅस्केट लागेल आणि थ्रॉटल केबलचा ब्रॅकेट स्पेसरच्या जाडीइतकाच वर घ्यावा लागेल. हे शेवटचं अनेकजण विसरतात, आणि मग थ्रॉटल पूर्ण उघडत नाही किंवा आयडलला पूर्ण परत येत नाही. नट तिरक्या क्रमाने, साधारण ६० ते ८० इंच-पाउंडांपर्यंतच आवळा. जास्त आवळलं तर कार्ब्युरेटरचा तळ वाकतो. दोन-तीनदा गरम-थंड झाल्यावर पुन्हा तपासा, गॅस्केट दबल्याने नट हमखास थोडे सैल मिळतात. आयडल डळमळू लागलं तर कडेने हवा शिरते आहे का ते बारीक पाण्याच्या फवाऱ्याने शोधा. बोटीच्या बंद इंजिनखोलीत ज्वालाग्राही स्प्रे मारू नये.

मोसमाअखेर स्पेसर काढून पाहिला तर पेट्रोलने फुगला नव्हता, वाकलाही नव्हता. बूस्टरमधून ठिबकणं जवळपास थांबलं. मात्र फ्लोटची पातळी जास्त असेल तर कुठलाच स्पेसर वाचवणार नाही. साइट प्लग (पातळी पाहायच्या भोकाचं बूच) असलेल्या होली कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भोकाच्या खालच्या काठाशी जेमतेम आलं पाहिजे. पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा दाब ५ ते ७ पीएसआयच्या आत हवा. इनटेक मॅनिफोल्डखालचा एक्झॉस्टचा आडवा मार्ग उघडा असेल, तर तो बंद करणारं गॅस्केट लावणं हा स्पेसरइतकाच गुणकारी उपाय आहे.

परतीच्या फिल्टरने सगळ्यात जास्त समाधान दिलं, आणि त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. इंजिन बंद झाल्यावर पेट्रोलचा पंप आणि कार्ब्युरेटरची नीडल (बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी सुई) यांच्यामध्ये पेट्रोल कोंडलं जातं. ते तापून फुगतं, दाब वाढतो, नीडल आपल्या सीटवरून उचलली जाते आणि आधीच भरलेल्या बाऊलमध्ये आणखी पेट्रोल घुसतं. म्हणजे बाऊल उकळला नाही तरी फ्लडिंग होतंच. या फिल्टरला तिसरं तोंड असतं, त्यात साधारण दीड मिलिमीटरचं भोक. तिथून दाब आणि वाफ टाकीकडे निघून जाते. चालू इंजिनातही थोडं पेट्रोल सतत फिरत राहतं, त्यामुळे नळीत ते तापत पडत नाही. एकाच भागाने दोन्ही उलट दुखण्यांवर काम होतं.

बसवताना तीन गोष्टी सांभाळा. परतीचं तोंड वरच्या बाजूला हवं, कारण वाफ वर जमते. परतीची नळी टाकीलाच स्वतंत्र फिटिंगने जोडा. पंपाकडे येणाऱ्या नळीत टी घालून जोडली तर तेच गरम पेट्रोल गोल गोल फिरत राहतं. आणि फिल्टर धातूचा, नळी बोटीसाठी प्रमाणित, ए१ दर्जाचीच हवी. काच किंवा प्लॅस्टिकचे मोटारीचे फिल्टर बोटीत नकोत. मेकॅनिकल पंप काढून टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावण्याचा सल्लाही दिला जातो. तो मानू नये. बोटीच्या तळातून जाणारी लांब नळी दाबाखाली येते, ती कुठे गळली तर पेट्रोल थेट बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात. अमेरिकी नियमांनुसार पेट्रोलचा पंप इंजिनावर किंवा त्याच्यापासून १२ इंचांच्या आतच असावा लागतो, ते याच धोक्यामुळे.

नळीतली वाफ तरीही छळत असेल तर पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाला व्हॅक्यूम गेज लावा. पूर्ण वेगालाही दोन इंच पाऱ्यापेक्षा जास्त ओढ दिसली तर टाकीवरचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह (नळी फुटली तरी टाकी आपोआप रिकामी होऊ न देणारा) अडकलाय किंवा नळी आतून सोलली आहे. ओढ वाढली की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं.

सेल्फबद्दल. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ६० अंशांनी तापलेला सेल्फ सुमारे तेवीस टक्के जास्त रोध दाखवतो. त्यात जेट पंपाचं ओझं कायमचं. गिअर रिडक्शनचा सेल्फ हलका आहे, गरम इंजिन स्पष्टपणे वेगाने फिरवतो, आवाज मात्र चिरका. घेताना एसएई जे११७१ हे ठिणगीरोधक प्रमाण असलेलाच घ्या. मोटारीचा स्वस्त सेल्फ बिल्जमधल्या वाफेशेजारी बसवणं जिवावर बेतू शकतं.

पण तो घेण्याआधी मल्टिमीटर घ्या. इंजिन उचलू नये म्हणून गरम इंजिनावर कॉइलची प्रायमरी वायर काढून सेल्फ मारा. बॅटरीवर ९.६ व्होल्टपेक्षा कमी दिसू नये. बॅटरीचा धन टोक ते सेल्फचा स्टड या मार्गात अर्ध्या व्होल्टपेक्षा, आणि ऋण टोक ते सेल्फचं अंग यात ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घट नको. जास्त असेल तर दोष केबलचा, सेल्फचा नाही. आणि कॉइल सुटी असताना सेल्फ सुरळीत फिरतो, जोडली की अडखळून झटके देतो, असं असेल तर ठिणगीचं टायमिंग फार पुढे आहे. ते मागे घेणं फुकट आहे. सगळं ठीक असूनही सेल्फ जड जात असेल तर लॅनयार्ड (इंजिन बंद पाडणारी सुरक्षा दोरी) काढून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. इम्पेलर आणि वेअर रिंगच्या (त्याच्याभोवतीच्या कड्याच्या) मधे अडकलेला एक खडाही पुरतो.

ठिणगीच हरवत असेल तर कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरमधलं मॉड्यूल यांचा संशय घ्या. दोन्ही गरम झाल्यावर दगा देतात आणि थंड होताच निर्दोष दिसतात, म्हणून रोध गरम असतानाच मोजा.

मोसमभरात एकदाच जुनं लक्षण हळूहळू परतू लागलं. परतीच्या फिल्टरचं बारीक भोक कचऱ्याने बुजलं होतं. बाहेरून काहीच कळत नाही, इंजिनही चालताना तक्रार करत नाही. म्हणून हा फिल्टर दर मोसमाच्या सुरुवातीला बदलावा, आणि काढलेल्या जुन्याच्या परतीच्या तोंडातून फुंकून पाहावं. हवा जात नसेल तर टाकीच्या तळाशी गाळ साचलाय, आणि नवीन फिल्टर बसवण्याआधी टाकी साफ करावी लागेल.