एक व्याख्यान की वर्षभराचा संवाद?

सुरक्षितता, संमती आणि निकोप नातेसंबंध हे विषय नववी-दहावीच्या मुलांपुढे मांडताना मुंबईतील शाळांसमोर साधारणतः दोन मार्ग असतात: तज्ज्ञांचे सभागृहातील एक व्याख्यान, किंवा लहान गटांशी वर्षभर ठरावीक अंतराने होणारा संवाद.

व्याख्यानाचे बलस्थान म्हणजे कायद्याची नेमकी माहिती. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा) १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते, तिची संमती ग्राह्य धरली जात नाही आणि गुन्हा ठाऊक असलेल्याने तो कळवणे बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा निःशुल्क क्रमांक आहे. एवढे तासाभरात सांगून होते.

मात्र भरलेल्या सभागृहात हात वर करून मनातले कोण विचारणार? गटात निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवली, की ‘तो मोबाईलचा पासवर्ड मागतो, नाही म्हटले तर दोन दिवस बोलत नाही, हे प्रेमच ना?’ अशी चिठ्ठी निघते आणि खरा तास तिथून सुरू होतो. नकार ऐकून घेणे, दिलेला होकार मागे घेता येतो हे उमगणे, गर्दीच्या लोकलमधील नकोशा स्पर्शाविषयी घरी बोलता येणे, या सगळ्याला सराव लागतो. मुलग्यांना तर अधिकच, कारण त्यांच्याशी याविषयी घरी क्वचितच कोणी बोलते.

गटसंवादात जोखीमही आहे. एखादे मूल अत्याचाराविषयी सांगू लागल्यास ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन शिक्षकांना देता येत नाही, आणि हे त्यांना आधीच ठाऊक हवे. म्हणूनच, निधी तुटपुंजा असेल तर व्याख्यान शिक्षक-पालकांसाठी ठेवावे आणि मुलांना गट द्यावा, असे माझे ठाम मत आहे.