आठ महिने वापरलेला हेडफोन: आवाज सोन्याचा, पिन कथलाची

ओहम, ड्रायव्हर, वजन हे सगळं तुम्ही आधीच कुठेतरी वाचलेलं असणार, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. हा वायरवाला, कान पूर्ण झाकणारा काळा हेडफोन आहे, ज्याची वायर निघते आणि पॅड बदलता येतात. दिवाळीच्या सेलमध्ये 6,400 रुपयांना घेतला. आठ महिने रोज रात्री वापरलाय आणि तोही जवळजवळ एकाच कामासाठी: तमिळ-तेलुगू चित्रपटांचे संगीतकार इलयाराजा ऐकायला. मागच्या रविवारी तो दुरुस्त होऊन हातात आला, म्हणून आज लिहायला बसलो.

इलयाराजाच का, हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी धर्माबादचा. मिरचीच्या अडतीवर हिशेब लिहितो. आमच्याकडून आधी बासर लागतं आणि गोदावरी ओलांडली की पुढे निजामाबाद. घरात मराठी, बाजारात निम्मी तेलुगू, असेच आम्ही वाढलो. वडिलांच्या सायकल दुकानाशेजारी चहाचं हॉटेल होतं. तिथल्या टेपवर निजामाबादहून आणलेल्या कॅसेटी दिवसभर वाजायच्या. इलयाराजांच्या ‘सागर संगमम’ची गाणी मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहेत. त्या चित्रपटाच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे फार पुढे कळलं. पण त्या टेपला स्पीकर एकच होता. म्हणजे पंचवीस-तीस वर्षं मी ही गाणी एका भोकातून ऐकली. गायक, तबला, बासरी, चाळीस व्हायोलिनं असली तरी सगळी एकाच गोणीत भरल्यासारखी.

त्यामुळे हा हेडफोन लावून पहिल्या रात्री ‘हे राम’ ऐकला तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो. 2000 सालचा कमल हासनचा चित्रपट. आपल्या लोकांना तो अतुल कुलकर्णींच्या श्रीराम अभ्यंकरमुळे आठवतो, त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. यातली गाणी आधी दुसऱ्या संगीतकाराची होती आणि त्यांवर चित्रीकरणही उरकलेलं होतं. तो संगीतकार बाजूला झाल्यावर इलयाराजांनी आधीच चित्रित झालेल्या ओठांवर आणि पावलांवर बसतील अशा नव्या चाली बांधल्या आणि वाद्यवृंद बुडापेस्टला जाऊन ध्वनिमुद्रित केला. शिवलेला सदरा समोर ठेवून त्याच्या मापाचा माणूस घडवावा, तसं हे काम. हे मला माहीत होतं, पण तो वाद्यवृंद किती मोठा आहे, कोण कुठे बसलंय, जड तारा खालून कशा सरकतात, हे त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. पैसे वसूल, असं तेव्हाच मनात म्हटलं.

बाकी गोष्टी थोडक्यात. डोक्यावर पकड घट्ट आहे, पहिला महिना कानामागे दुखलं, नंतर सैलावली. पॅडचं रेग्झिन आपल्या उन्हाळ्यासाठी नाही. एप्रिलपासून कान घामेजतात आणि मेमध्ये डाव्या पॅडचे पापुद्रे निघायला लागले. बायकोने जुन्या सुती लुगड्याच्या खोळी शिवून दिल्या, आता त्रास नाही. फोनला थेट जोडायचं भोक नाही म्हणून 900 रुपयांचं टाइप-सी डोंगल लागलं, ते किमतीत धरा.

आता पिनेबद्दल. ह्या हेडफोनबद्दल मला जे सांगायचंय त्यातलं बारा आणे पिनेबद्दलच आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी, ऐन मिरचीच्या हंगामात, एका रात्री ‘अन्नक्किळी’चं गाणं लावलं. 1976 सालचा हा इलयाराजांचा पहिला चित्रपट. काहीच वाजेना. फोनवर रेघ पुढे सरकतेय आणि कानात नुसती सूं. हेडफोन गेला म्हणून काढणार, तेवढ्यात यादीतलं पुढचं गाणं सुरू झालं. 1983 च्या ‘सदमा’मधलं ‘ऐ जिंदगी गले लगा ले’. ते वाजलं, पण कसं? सुरेश वाडकरांचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा, शब्द कळेनात. खालचा बास गिटार गायब. ठेका गायब. आणि वर नुसती व्हायोलिनं. उघडी, धुतल्यासारखी, गाण्याच्या मागे एरवी पडद्यासारखी राहणारी व्हायोलिनं समोर येऊन उभी.

मी ते गाणं हजारदा ऐकलं असेल. त्या तारा गायकाच्या ओळीला कुठे उत्तर देतात, कुठे त्याच्या आधीच वळण घेतात, कुठे गप्प राहून जागा सोडतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वायर जरा हलवली की सगळं नीट. संध्याकाळी पुन्हा गायक गेला. मग तो रोजचाच खेळ झाला. मी तक्रार नोंदवली. पार्सल माझ्या खर्चाने संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरला, 180 रुपये. एकोणीस दिवसांनी परत आलं, सोबत चिठ्ठी: ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ फोन करून विचारलं कसं तपासलं. म्हणाले, गाणं लावून पाहिलं, दोन्ही बाजूंनी आवाज येतो. अहो, आवाज येतोच! दोन्ही बाजूंनी येतो. गाणारा येत नाही, हे माझं म्हणणं आहे. समोरच्या मुलीला ते पटेना. पुन्हा पाठवला, पुन्हा 180. ह्या वेळी उत्तर आलं की वायर ही जोडवस्तू असल्यामुळे ती वॉरंटीत बसत नाही, नवी वायर 1,350 रुपये. हेडफोनवर एक वर्षाची वॉरंटी लिहायची आणि ज्या वायरीशिवाय तो मुका आहे ती वगळायची, हा कुठला न्याय? अडतीवर असं केलं असतं तर शेतकऱ्याने पोतं उचलून समोरच्या दुकानात नेलं असतं.

पिनेची ही तक्रार मी मार्चमध्येच लिहून ठेवली होती आणि खाली दोन तारे दिले होते. ते आता बदलतोय.

झालं असं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वयस्क रेडिओ मेकॅनिक बसतात. मूळचे निजामाबादकडचे, मराठी आमच्यासारखीच बोलतात. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीला आता कोणी येत नाही म्हणून मिक्सर आणि पंख्यांची कामं करतात. मी त्यांच्याकडे आधी गेलो नाही, कारण वाटायचं सहा हजारांची वस्तू कंपनीनेच उघडावी. मे महिन्यात कंटाळून गेलो.

मी त्यांना सांगितलं, “मामा, गाणारा जातो, व्हायोलिनं राहतात.”

त्यांनी हातातला पंख्याचा कंडेन्सर खाली ठेवला. “जुनं गाणं लावलं तर?”

“जुनं तर अजिबातच वाजत नाही.”

“मग अर्थिंग तुटलीय, मुनीमजी. दुसरं कायच नाही.” हेडफोन हातातही न घेता हे बोलले. मग कागदावर दोन गोल काढून समजावून सांगितलं. दोन्ही कानांची परतीची तार पिनेच्या बुडाशी एकत्र येते. ती तिथे तुटली की दोन्ही बाजू एकमेकींतूनच चालतात. मग दोन्हीकडे जे सारखं आहे ते आपसात कटतं आणि जे वेगळं आहे तेवढंच ऐकू येतं. गायक मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्हीकडे सारखा. बासही मधोमध. म्हणून ते जातात. व्हायोलिनं डावी-उजवीकडे पसरलेली असतात, म्हणून ती राहतात. आणि जुनं गाणं मोनो, दोन्हीकडे अक्षरशः एकच, म्हणून ते पूर्ण पुसलं जातं.

मला एकदम लखलखीत उजेड पडला. इलयाराजांचा ‘प्रिया’ 1978 सालचा, तमिळमधलं पहिलं स्टीरिओ (डाव्या-उजव्या कानाला वेगळा आवाज देणारं) ध्वनिमुद्रण म्हणून त्याचं नाव घेतात. माझी बिघडलेली पिन हीच रेषा दाखवत होती. 1976 चं गाणं शून्य, 1983 चं गाणं तारांसकट. सर्व्हिस सेंटरला जे दोनदा सापडलं नाही, ते मामांना दोन प्रश्नांत कळलं.

दुरुस्ती बघण्यासारखी होती. त्यांनी पिनेपासून दोन बोटं वायर कापली, वरचं रबर ब्लेडने सोललं. आत तीन रंगांच्या तारा, लाल, हिरवी आणि तांब्याच्या रंगाची, केसाएवढ्या बारीक, मध्ये रेशमासारखा धागा. मला म्हणाले, हा रंग म्हणजे लेप आहे, तो जळल्याशिवाय कथील धरत नाही. मग गरम कावियाच्या, म्हणजे कथील वितळवायच्या अवजाराच्या, टोकावर कथलाचा थेंब घेतला आणि तारेचं टोक त्यात बुडवून धरलं. राळेचा वास आला, बारीक धूर निघाला, लाल रंग मागे सरकत गेला आणि टोक चांदीसारखं झालं. तिन्ही टोकं तशी केली. धातूची नवी पिन 70 रुपये, मजुरी 50. जुनी पिन फोडून दाखवली: परतीच्या तारेचा कथलाचा डाग नुसता वर चिकटवलेला, लेप अर्धवट जळालेला. म्हणजे वस्तू कारखान्यातूनच कच्ची निघाली होती. माझ्या हाताचा त्यात काही दोष नव्हता.

“लावा काय लावायचं ते,” मामा म्हणाले. मी ‘सागर संगमम’मधलं ‘मौनमेलनोई’ लावून हेडफोन त्यांनाच दिला. गायक एस. पी. बालसुब्रमण्यम आणि एस. जानकी. ते पूर्ण गाणं त्यांनी कावियाचा प्लग काढून ऐकलं. गाणं संपल्यावर म्हणाले, “बास बघा कसा चालूलालाय. गाणाऱ्याच्या खालून दुसरं गाणंच म्हणूलालाय.”

अगदी हेच. महिनोन् महिने मी नुसती व्हायोलिनं ऐकली होती आणि मनात म्हणायला लागलो होतो की इलयाराजांचं खरं काम वरच्या तारांत आहे, गायक तर निमित्त. पिन नीट झाल्यावर त्याच गाण्यांत बास परत आला आणि माझं ते मत पुसलं गेलं. हा माणूस मुळात गिटार वाजवणारा. मद्रासला धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकला, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची गिटारची परीक्षा सुवर्णपदकासह पास झाला. त्याच्या गाण्यात खालचा सूर हा वरच्याचा नोकर नाही. व्हायोलिन एक चाल म्हणतं, बास दुसरी, गायक तिसरी, आणि तिन्ही एकाच सुरावर येऊन भेटतात. हे सगळं तो एकटा कागदावर नोटेशनमध्ये लिहितो, त्याच्या प्रती निघतात आणि वादक समोर ठेवून वाजवतात. 1986 च्या ‘हाऊ टू नेम इट?’ ह्या अल्बममध्ये व्ही. एस. नरसिंहन यांचं व्हायोलिन ऐका. जर्मन संगीतकार बाखची रचना आणि आपली कर्नाटक पद्धत शेजारी शेजारी चालतात, कोणीच कोणाला धक्का देत नाही. कर्नाटक संगीताचे संतकवी त्यागराज आणि बाख या दोघांना इलयाराजांनी तो अर्पण केलाय. शाळेत संगीत न शिकलेल्या माझ्यासारख्यालाही ते कळतं, फक्त दोन्ही कानांत नीट पोचलं पाहिजे.

8 मार्च 2025 ला त्यांनी लंडनमध्ये स्वतःची सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, सादर केली. वय 81. पन्नैपुरम नावाच्या खेड्यातून निघालेला माणूस. त्या रात्री मी अडतीतून घरी येऊन ‘रुद्रवीणा’ ऐकला होता, फोनच्या स्पीकरवर. तेव्हा हा हेडफोन असायला हवा होता, असं अजून वाटतं.

तर हिशेब असा. हेडफोन 6,400, दोनदा कुरिअर 360, पिन आणि मजुरी 120. एकूण 6,880. डोंगल वेगळं. ह्या पैशांत ह्याहून मोकळा आणि खरा आवाज मला दुसरीकडे मिळाला नाही. नांदेडच्या दुकानात ह्याच्या दुप्पट किमतीचा बिनवायरचा लावून पाहिला. त्यात बास फुगतो आणि व्हायोलिनं तेलकट होतात, वाद्यवृंदासाठी तो नको. आवाजाला पाच तारे. पिनेला आणि त्यांच्या सर्व्हिसला शून्य. एकत्र करून चार देतोय, कारण 120 रुपयांत निघणारा दोष मी आवाजाच्या डोक्यावर मारणार नाही.

घेणार असाल तर पहिल्याच दिवशी एक मोनो गाणं लावा, सत्तरच्या आधीचं कुठलंही मराठी भावगीत चालेल, आणि वाजताना पिनेजवळची वायर चारी बाजूंना वाकवून पाहा. गाणं क्षणभर जरी पुसलं गेलं तरी परतीच्या मुदतीच्या आत वस्तू बदलून मागा. त्यानंतर तुमचं कोणी ऐकणार नाही.

मी अजून एक करतो. जुन्या लॅपटॉपला हेडफोन लावतो आणि पिन केसभर बाहेर ओढतो. मामांनी सांगितलेली तीच अर्थिंग सुटते, गायक विहिरीत जातो आणि नुसत्या तारा उरतात. एक कडवं तसं ऐकतो. परवा बायकोच्या कानाला लावलं, ‘ऐ जिंदगी’च चालू होतं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “हे इतके दिवस कुठं होतं?” मग मी पिन आत ढकलली.