स्मोक अलार्म, दहा महिन्यांनंतर: रात्री तीनची टिवटिव आणि तीस रुपयांची बॅटरी

आधीच सांगतो, अलार्म चांगला आहे. पण ज्याने त्याचं झाकण बनवलं त्याच्याशी माझं अजून मिटलेलं नाही.

जून २०२५ मध्ये घेतला. त्याआधी मे महिन्यात इथे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जण गेले. आमच्याकडे खाली भावाचे चार माग आणि सुताची बाचकी, वर आम्ही पाच माणसं, जिना एकच. हिने हट्ट धरला आणि मी मागवला. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारा नेहमीचा पांढरा डबा, त्याचं वर्णन काय करायचं.

पहिले सहा महिने तो फक्त फोडणीवर ओरडला. जानेवारीत गड्ड्याची यात्रा चालू होती, तेव्हा एका रात्री तीन वाजता ‘टिव’. मग शांतता. आई म्हणाली, पाल चुकचुकतेय. आवाज चाळीस-पन्नास सेकंदांतून एकदाच येतो, त्यामुळे कुठून येतो हे कळायलाच अर्धा तास गेला. शेवटी स्टुलावर चढून डबा फिरवून उतरवला, बॅटरी उपसली, तर तो हातातच पुन्हा टिवकला! बॅटरी काढली तरी आत थोडा चार्ज उरतो. टेस्टचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं की संपतो. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, मी डबा उशीखाली घातला.

आता झाकण. बॅटरी आत नसेल तर ते बंदच होत नाही. आत एक छोटी पट्टी वर येते आणि अडवते. मी दाबून पाहिलं, चमच्याने पट्टी खाली धरून पाहिलं, काही नाही. नऊ दिवस तो डबा फ्रिजवर आ वासून पडला होता आणि आई रोज विचारायची, “याचं तोंड कधी मिटणार रे?”

नऊ दिवस का, तर माझी खात्री होती की बॅटरी ठीक आहे. भावाच्या मीटरवर लावली तर आठ व्होल्ट. म्हटलं, चांगली आहे की! परत घातली, दिवसभर गप्प. रात्री तीनला टिव. कंपनीला फोन लावला, मशीन खराब आहे, बदलून द्या म्हणून भांडलो. तिकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, “सर, प्रॉडक्ट व्यवस्थित आहे, बॅटरी वॉरंटीत येत नाही.” दोन्ही वाक्यं बरोबर होती, म्हणून जास्त राग आला. मीटर बॅटरीकडून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून त्यावर आकडा छान दिसतो. अलार्म मात्र तिच्यावर भार टाकून तपासतो. त्यात पहाटेच्या गारव्यात दमलेल्या बॅटरीचा व्होल्टेज आणखी उतरतो. म्हणून दिवसा साळसूद आणि रात्री टिवटिव.

मग नवी पेठेतून तीस रुपयांची साधी बॅटरी आणली. दुकानदार म्हणाला, “अल्कलाइन न्या की ओ साहेब.” दीडशे रुपये! मी हसलो. सात आठवड्यांत पुन्हा टिव. घरी आल्यावर बॅटरीवरची तारीख वाचली, ती दुकानातच म्हातारी झाली होती. निमूटपणे दीडशे मोजून आलो. म्हणजे काटकसर करून एकूण एकशेऐंशी.

इथे मला माझं मतही बदलावं लागलं. आधी लिहिणार होतो की सोबत आलेली बॅटरी भंगार होती. पण त्या बॅटरीचा जीव माझ्याच चुकीने गेला असावा. डबा मी स्वयंपाकघराच्या दारावर ठोकला होता, शेगडीपासून पाच फुटांवर. भोंगा वाजतो तेव्हाच खरा करंट खातो, आणि आमच्याकडे मिरचीची फोडणी रोज. शेगडीपासून किमान दहा फूट लांब, पंख्याच्या वाऱ्यात नाही, असं कागदावर लिहिलेलं होतं. आता जिन्याच्या वर लावलाय. फोडणी निवांत चालते.

मागावाल्यांनी हे करा: बॅटरी बदलताना जाळीवर ब्रश फिरवा. आतल्या काळोख्या खणात धुराने प्रकाश विखुरला की तो वाजतो, त्यामुळे कापसाची धूळ आत गेली तर तिलाही धूर समजू शकतो. माझ्या जाळीतून चिमूटभर कापूस निघाला. आणखी एक, माझ्या खोक्यावर अडतीस अंशांपर्यंत वापरा असं छापलंय. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात चाळिशी पार होते, पत्र्याखाली तर विचारूच नका. लावायचा तर स्लॅबखाली.

आणि झाकणाबद्दल: ती पट्टी नसती तर मी रिकामा डबा परत छताला लावून झोपलो असतो, हे हिचं म्हणणं. मी उत्तर दिलेलं नाही.

पाचपैकी साडेतीन. दीड कशाचे कापले ते सांगतो. दर रविवारी मुलगी कुंच्याच्या दांड्याने टेस्टचं बटण दाबते. तीन मीटरवर पंच्याऐंशी डेसिबल, वर कान फुटतात. गेल्या आठवड्यात म्हटलं, माग चालू असताना करून बघू. मग खाली जाऊन भावाला विचारलं, ऐकू आला का. तो कानाला हात लावून म्हणाला, “काय?”