ओट्यामागचा काळा ग्रॅनाइट आणि माझे ७१,३५० रुपये

जूनमधली सकाळ. ओट्यावर खलबत्त्यात आलं-लसूण ठेचत होते आणि प्रत्येक घावाला मागचा दगड वाजत होता. हात लावून पाहिलं तर सांध्यातलं पांढरं सिमेंट भुगा होऊन गळालं आणि दगड बोटभर पुढे आला. तोही बरोबर शेगडीच्या मागचा, ३ बाय २ फुटांचा तुकडा. गॅस बंद केला, मुलीला बाहेर पिटाळलं आणि नवरा नाइट शिफ्टवरून येईपर्यंत पाऊण तास तो दगड दोन्ही हातांनी भिंतीशी दाबून उभी राहिले. १८ एमएमचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो, म्हणजे हा तुकडा २७ किलोचा. आदल्याच दिवशी मुलगी तिथे उभी राहून मॅगी करत होती. हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

हा दगड बसवण्याचं काम होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

आधी एक सांगते. मी डोळे मिटून कुणाला काम दिलं नव्हतं. तिघांकडून भाव घेतले होते. हा मिस्त्री सर्वांत स्वस्त नव्हता, मधला होता. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली त्याने केलेला ओटा मी स्वतः जाऊन पाहिला होता, आणि तो चांगला होता. इकडे नव्या फ्लॅटचा हप्ता सुरू झालेला, तिकडे जुन्या घराचं १४,००० भाडं चालू. एक महिना जरी लांबला तरी कंबरडं मोडणार होतं. ज्यांना घाई नसते त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

बिल्डरने दिलेल्या पांढऱ्या टाइल्स काढून ओटा आणि डॅडो, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरचा दगड, एकाच काळ्या दगडात करायचं ठरलं. त्याने डायरीच्या पानावर हिशोब लिहून दिला : जेट ब्लॅक ग्रॅनाइट ७८ चौरस फूट, २६० रुपयांनी २०,२८०. बसवणावळ ९,६००. कडेचं मोल्डिंग १,८२०. सिंक आणि शेगडीचे कटआउट ३,५००. स्विचबोर्डचे पाच कटआउट १,५००. टाइल्स फोडणं ४,८००, मलबा २,५००, सिमेंट-वाळू-ॲडहेसिव्ह २,५००. एकूण ४६,५००.

नंतर मी स्वतः टेप लावली. ओटा ३० फूट, डॅडो ३४ फूट, मिळून ६४. मग १४ फूट कुठे गेले? तर म्हणे वेस्टेज. वेस्टेज धरतात, मान्य. पण मग उरलेले तुकडे माझे ना? ते तो त्याच दिवशी टेम्पोत घालून घेऊन गेला. १४ फुटांचे ३,६४० रुपये. दगड गोदामातून निघायच्या आधी टेप लावा. नंतर नाही.

आता जे माझ्या लक्षात यायला हवं होतं ते.

चौथ्या दिवशी स्विचबोर्डचं चौकोनी भोक कापून झालं होतं आणि मी चहा घेऊन आत गेले. दगडाची तोंडावरची बाजू काळीभोर, पण कापलेली कड राखेसारखी करडी. मी विचारलं, "हे असं का?" तो म्हणाला, "वहिनी, कटिंगला असंच दिसतं. पॉलिश झालं की बसतं." आणि हे पूर्ण खोटंही नाही! कुठल्याही काळ्या दगडाची न घासलेली कड फिकटच दिसते. म्हणून तर मी गप्प बसले. पण ती कड ओली करून पाहायची असते. अस्सल काळा दगड पाणी लागताच काळा दिसतो, रंगवलेला करडाच राहतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मी ओल्या फडक्याने दगडावरची धूळ पुसली तर फडक्याला काळं लागलं. त्याचंही उत्तर तयार होतं : "पॉलिशचं आहे, दोन दिवसांत जाईल." आणि त्याच भोकात त्याची खुणेची पेन्सिल अडकवलेली होती, उभी नाही, आडवी. दगडामागे आत गेलेली, अर्ध्याहून जास्त. दगडामागे पेन्सिल जाते म्हणजे मागे पोकळी आहे. शाळेतलं पोरही सांगेल. मी ती पेन्सिल पाहिली, काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "चहा गार होतोय." ही एक गोष्ट मी स्वतःला माफ करू शकत नाही.

दगड उतरवला तेव्हा सगळं उघडं पडलं. चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक असे सिमेंटचे पाच गोळे, बाकी सगळं रिकामं. भिंतीला टाचे, म्हणजे सिमेंट धरावं म्हणून पाडतात त्या खाचा, मारलेले नाहीत, टाइल्सखालचं गुळगुळीत प्लास्टर तसंच. दगडाची मागची बाजू धूळही न पुसता चिकटवलेली. हिशोबात ॲडहेसिव्हचे पैसे आहेत, पण घरात त्याची गोणी एकदाही आली नाही. दगड आणि टाइल्सच्या ॲडहेसिव्हला आयएस १५४७७ हे मानक आहे, गोणीवर छापलेलं असतं. गोणी डोळ्यांसमोर फोडायला लावा आणि रिकामी गोणी जपून ठेवा. दगड बसवल्यावर नाण्याने टकटक करा, जिथे ढप्प आवाज येईल तिथे मागे पोकळी. ओटा आणि डॅडो जिथे मिळतात तिथे पांढरं सिमेंट नको, सिलिकॉन हवं. आमच्याकडे त्याच फटीतून सिंकचं पाणी आत जाऊन मागे झुरळांनी घर केलं होतं.

रंगाचंही त्याच आठवड्यात कळलं. मुलीचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन ओट्यावर घासलं, कापूस काळाकुट्ट. मग लिंबू कापायच्या जागेवरची फिकट वर्तुळं कसली होती ते समजलं. महिनाभर मी ती घासत होते आणि सासूबाई मला म्हणत होत्या, "नीट पुसत जा गं." २६० रुपये फुटाने मी रंग विकत घेतला होता.

फोन केला तर दोनदा "येतो" म्हणाला. मग उचलायचा बंद झाला, मग नंबरच बंद.

आता पैशांचं. पहिले २०,००० जीपेने, तेही त्याने दिलेल्या "भाच्याच्या" नंबरवर. पुढचे १५,००० आणि शेवटचे ११,५०० रोख, पावती नाही. पक्कं बिल मागितलं होतं मी! "हवं तर १८ टक्के वर लागतील," म्हणाला. म्हणजे ८,३७०. ते वाचवले. हप्ता, भाडं आणि शाळेची फी एकाच महिन्यात भरणाऱ्या कुणीही वाचवले असते.

पोलीस चौकीत गेले. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "मॅडम, काम खराब झालं म्हणजे फसवणूक होत नाही, हा दिवाणी मामला आहे." रंगवलेला दगड अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? कापूस दाखवला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. तिसऱ्या फेरीला अर्जावर शिक्का मिळाला, तेवढाच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला आणि काही दिवसांनी तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला, कारण समोरून उत्तर नाही. उत्तर देणारा असता तर मी फोन कशाला केला असता? सोसायटीने सांगितलं, घरातलं काम तुमची जबाबदारी. पण त्याच मिस्त्रीने मलबा लिफ्टजवळ टाकला म्हणून माझ्या डिपॉझिटमधले १,००० कापून घ्यायला सोसायटी हजर.

मग ग्राहक आयोग. ई-जागृती या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार भरली. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, हे लक्षात ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय की निकाल शक्यतो ३ महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर ५ महिन्यांत. कधीपासून? समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून. आणि माझी नोटीस "पत्ता अपूर्ण" म्हणून परत आली. पूर्ण पत्ता आणा, मला सांगितलं गेलं. मी नोकरी करणारी बाई, मी त्याला शोधत फिरू? पोलीस शोधत नाहीत, टपाल पोचत नाही आणि नोटीस पोचेपर्यंत कायद्याचे ते ३ महिने सुरूच होत नाहीत. त्यात २०,००० गेलेत भाच्याच्या नावावर, त्यामुळे ते मिस्त्रीलाच दिले हे मी सिद्ध करायचं. रोख दिलेल्या २६,५०० चा तर कुठे मागमूसच नाही. आधार कार्डाचा फोटो आणि घरचा पत्ता ॲडव्हान्सच्या आधी घ्या. राग आला तर येऊ दे त्याला. पैसे जाऊ द्यायचेत त्याच्याच खात्यात, त्याच्याच नावावर.

दगड काढून प्लास्टर करायला ९,२०० लागले, नव्या टाइल्स, ॲडहेसिव्ह आणि मजुरी मिळून १४,६५०. सोसायटीचे १,००० धरून सगळे ७१,३५०. ओटा अजून तोच आहे, बदलायला पैसे नाहीत.

शेगडीमागचा तो तुकडा मी जुन्या गोधडीत गुंडाळून बाल्कनीत ठेवलाय, मागचे पाचही गोळे तसेच ठेवून. नव्या मिस्त्रीने ते फोडायला घेतले होते, मी थांबवलं. मिस्त्रीचा पत्ता खाली राहणाऱ्यांच्या जुन्या सुताराकडून परवा मिळाला, आता नोटीस पुन्हा निघाली आहे.