दगडावरचे शेवाळ: घासावे, औषध मारावे की राहू द्यावे?

खानदेशातील हेमाडपंती मंदिरांवर, दीपमाळांवर आणि गावाबाहेरच्या वीरगळांवर दिसणारा काळपट थर एकाच जिवाचा नसतो. पातळ काळा लेप बहुधा नीलहरित जीवाणूंचा असतो. ते उन्हाळ्यात सुकून निपचित पडतात आणि मृगाच्या सरी येताच पुन्हा हिरवे होतात. करडे किंवा पिवळसर चकते मात्र दगडफुलाचे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनाचे असतात (मसाल्यातले दगडफूलही याच गोतावळ्यातले). हा फरक आधी ओळखावा, कारण काळा लेप बव्हंशी वरवरच राहतो, तर दगडफुलाचे बुरशीतंतू बारीक भेगांत काही मिलिमीटर शिरतात आणि ऑक्झॅलिक आम्ल सोडून बेसाल्टमधील खनिजे झिजवतात.

साधे पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश ही पद्धत स्वस्त आहे व दगडात काही मागे ठेवत नाही. पण तंतू आत उरल्याने दोन-चार पावसाळ्यांत थर परततो, आणि मूर्तीचे पापुद्रे सुटत असतील तर मऊ ब्रशही नक्षी नेतो. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे जीवनाशक तंतूंपर्यंत पोहोचते, मेलेले दगडफूल नंतर सहज सुटते. तथापि फ्रान्समधील लास्को गुहेत २००१ मध्ये बुरशीवर हेच रसायन वापरल्यावर त्याला दाद न देणारे जीवाणू तेथे आढळले. गुहा आणि उघडे मंदिर यांत अंतर आहे, तरी वारंवार फवारणी करू नये, आणि कपाशीवर मारायचा पाठीवरचा पंप तर मुळीच वापरू नये. ब्लीचिंग पावडर व प्रेशर पंप यांचा विचारच नको: पहिली दगडात क्षार सोडते, दुसरा सांधे उघडे पाडतो.

माझा कल असा: काळा लेप राहू द्यावा, टणक, सपाट दगडावरील दगडफूल पाण्याने काढावे, झिजलेल्या शिल्पाला जाणकाराविना हात लावू नये, कारण सुटे कण कधीकधी त्या दगडफुलानेच धरून ठेवलेले असतात. छताची गळती आणि सांध्यातले पिंपळाचे रोप यांचा बंदोबस्त आधी व्हावा, नाहीतर कोणताही उपाय टिकणार नाही. चांगदेव किंवा बलसाणे येथील मंदिरे १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या केंद्रीय कायद्याखाली संरक्षित असल्याने तेथे हा निर्णय पुरातत्त्व खात्याचाच. इतरत्र दसऱ्यानंतर, थर अजून ओलसर असताना, तळहाताएवढ्या कोपऱ्यावर चाचणी घ्यावी आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत थांबावे.