फळीवरचा स्टॅगहॉर्न: १४ महिन्यांनंतर

स्टॅगहॉर्न फर्न (प्लॅटिसेरियम बायफर्केटम, झाडांच्या खोडांवर वाढणारं नेचं) आणला तेव्हा कुंडीत होता. आठवडाभरात काढून लाकडी फळीवर बांधला, त्याला आता १४ महिने झाले. ओल्या स्फॅग्नम मॉसची (ओल धरणाऱ्या शेवाळाची) उशी, तिच्यावर रोप, आणि तंगुसाचे आडवे-उभे वेढे. सुतळी नको, मुळं फळीला धरायच्या आत कुजते.

पहिल्याच महिन्यात गाढवपणा केला. बुडाशी चिकटलेली गोल पानं, म्हणजे ढालपानं, तपकिरी पडली म्हणून एक ओढून काढलं. ही पानं मुळी वाळण्यासाठीच असतात. वाळल्यावरही मुळं झाकतात, ओल धरतात आणि जंगलात वरून पडणारा पाचोळा अडवतात. तोच कुजून रोपाचं खत होतो. झाडावर वाढणारं बाशिंग नावाचं नेचं पाहिलंय त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. शिंगांसारखी फाटे फुटलेली पानं वेगळी. त्यांच्यावरची पांढुरकी लव धूळ समजून पुसू नका, तीही मी थोडी पुसलीच होती! परवा शिंगांच्या टोकांखाली तपकिरी मखमल दिसली आणि मी चक्क कीडनाशक शोधायला लागलो. ते बीजाणू निघाले.

खरी परीक्षा पाण्याची. आधी रोज फवारा मारायचो. मॉस वरून ओलं, आत कोरडं ठणठणीत. मग घाबरून रोज भिजवायला लागलो, तर बूड एका बाजूने काळं, मऊ पडलं. तेवढं वाळेपर्यंत पाणी तोडलं, म्हणून वाचला. आता फळी उचलून बघतो. हलकी लागली तरच बादलीत १५-२० मिनिटं बुडवायची आणि पूर्ण निथळू द्यायची. उन्हाळ्यात हे आठवड्यातून दोनदा होतं, थंडीत १०-१२ दिवसांनी.

उजेड भरपूर, पण दुपारचं थेट ऊन नाही. खत पातळ करून, वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, बस.

तक्रार एकच: दर वेळी फळी उतरवा, निथळवा, परत टांगा. याचा कंटाळा असेल तर सरळ कुंडीतला बर्ड्स नेस्ट फर्न घ्या, फक्त पाणी मधल्या खळग्यात ओतू नका, कडेने घाला.

माझ्या फळीवर आता बाजूने दोन पिल्लं फुटलीत. मागणारे बरेच आहेत, पण त्यांची स्वतःची ढालपानं नीट पसरेपर्यंत सुरी लावणार नाही.