आधी चिप, मग लस: बिजलीला सोलापूरहून जर्मनीला पाठवताना आलेला एका दवाखान्याचा अनुभव

आमची कारवानी जातीची कुत्री बिजली गेल्या जानेवारीत मुलीबरोबर जर्मनीला गेली. तिच्या प्रवासाची वैद्यकीय आणि कागदोपत्री तयारी विजापूर रोडवरील एका पशुवैद्यकांच्या लहानशा दवाखान्याने करून दिली. सोलापुरात राहून असे काही होऊ शकते यावर ओळखीच्या कोणाचा विश्वास नव्हता, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. डॉक्टरांच्या विनंतीवरून दवाखान्याचे नाव लिहिलेले नाही.

मुलगी आणि जावई दोन वर्षांपूर्वी जर्मनीला गेले, तेव्हापासून बिजली आमच्याजवळ होती. मंगळवेढ्याकडच्या एका शेतावरून आणलेली ही कुत्री लांब पायांची, खोल छातीची आणि अंगावर चरबी नसलेली आहे. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली की तिचे जेवण होत असे. तिला घेऊन जायचे असे मुलीने ठरवले, तेव्हा मी प्रथम एका मोठ्या शहरातील एजंटाशी फोनवर बोलले. जुन्या लसीकरण पुस्तिकेवर दरवर्षीची रेबीजची नोंद आहे, तेवढी पुरे, कातडीखाली बसवायची ओळखीची चिप प्रवासाच्या आठवड्यात बसवली तरी चालते आणि बाकीचे कागद ‘मॅनेज’ होतात, असे त्याने मला निःशंकपणे सांगितले. त्याने सांगितलेली रक्कम भरण्याची आमची तयारीही झाली होती. केवळ खात्री करून घ्यावी म्हणून मी ऑगस्टच्या सुरुवातीला ती पुस्तिका घेऊन या दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी पुस्तिका उघडण्याआधी बिजलीच्या मानेवरून आणि दोन्ही खांद्यांवरून चिप वाचणारे यंत्र सावकाश फिरवले. चिप नव्हती. मग त्यांनी पुस्तिका मिटून बाजूला ठेवली आणि सांगितले की युरोपच्या दृष्टीने या कुत्रीला आजवर रेबीजची एकही लस दिलेली नाही. मला ते त्या क्षणी फार कठोर वाटले, परंतु त्यामागचे कारण त्यांनी इतके नीट समजावले की पुढच्या सहा महिन्यांत मला पुन्हा शंका आली नाही. लस कोणत्या प्राण्याला दिली हे सिद्ध करणारी एकच खूण नियमांना मान्य आहे आणि ती म्हणजे चिपचा पंधरा अंकी क्रमांक. चिप बसण्यापूर्वी दिलेली लस त्या क्रमांकाच्या प्राण्याला दिली होती असे कोणीही म्हणू शकत नाही, म्हणून ती मोजली जात नाही. आधी चिप, मग लस, मग रक्त, मग प्रतीक्षा हा क्रम एकदा चुकला की पैसे भरून तो दुरुस्त करता येत नाही, पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते.

त्यानंतर त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून टेबलावर ठेवले आणि मोजणी निघण्याच्या दिवसापासून मागे सुरू केली. रेबीजबाबत सवलत असलेल्या देशांच्या युरोपीय संघाच्या यादीत भारत नसल्यामुळे येथून जाणाऱ्या कुत्र्यामांजरांची रक्ततपासणी करावी लागते, तिला सगळे टायटर म्हणतात. लस दिल्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचे, ते संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे, रेबीजविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलीलीटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून अधिक आले पाहिजे आणि रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने उलटल्याशिवाय प्राण्याला तेथे प्रवेश मिळत नाही. अहवालाच्या तारखेपासून नव्हे, रक्त घेतल्याच्या तारखेपासून, हे त्यांनी दोनदा सांगितले. याचा अर्थ, सर्व काही पहिल्याच प्रयत्नात जमले तरी चार महिने लागतात. आम्ही मनात नोव्हेंबर धरला होता. त्यांनी जानेवारीचा शेवट सुचवला. मुलगी संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसाठी येणारच होती, शिवाय एप्रिल-मेमध्ये सोलापूर ते मुंबई रस्ता आणि विमानतळावरचे तास उन्हात काढणे कुत्र्याला सोसवत नाही, हाही त्यांचा विचार त्यामागे होता.

९ ऑगस्टला चिप बसली. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू असते, पण सुई बरीच जाड असते आणि बिजली एकदाच केकाटली. त्यानंतर जे पाहिले ते मला विशेष लिहावेसे वाटते. डॉक्टरांनी यंत्राने चिप वाचली, त्यांच्या मदतनीस मुलाने पाकिटावरच्या बारकोडखालचे पंधरा आकडे एकेक करून मोठ्याने म्हटले, डॉक्टरांनी यंत्रावरचे आकडे तसेच मोठ्याने म्हटले आणि दोन्ही जुळल्यावरच नव्या पुस्तिकेत स्टिकर चिकटवला. हाताने एकही आकडा लिहिला नाही. चिप आंतरराष्ट्रीय मानकांची, म्हणजे आयएसओ ११७८४ आणि ११७८५ प्रमाणे आहे, हे पाकिटावर मला दाखवले. हे सर्व झाल्यावर त्यांनी लशीची बाटली फ्रिजमधून काढली आणि तिचा बॅच क्रमांक, मुदत आणि दिल्याची तारीख त्याच पानावर नोंदवली. पुढे दवाखान्यात गेलो त्या प्रत्येक वेळी कामाला हात घालण्यापूर्वी चिप वाचली गेली, अगदी नखे कापायला गेलो तेव्हासुद्धा.

रक्त घेण्याचा दिवस त्यांनी १५ सप्टेंबर, सोमवार असा ठरवला. ३० दिवस आठवडाभर आधीच भरले होते, परंतु मोजणीत एका दिवसाचाही वाद नको म्हणून त्यांनी मुद्दाम थोडे थांबायला सांगितले. सोमवारच का, तर रक्त यंत्रात फिरवून त्यातील सिरम वेगळे करायचे आणि ते बर्फाच्या पिशव्यांसह कुरिअरने पाठवायचे असल्याने मध्ये रविवार आला आणि पेटी कुठल्यातरी गोदामात पडून राहिली, तर नमुना खराब होण्याची भीती असते. नळीवर नाव न लिहिता चिपचा क्रमांक लावला होता. अहवाल येईपर्यंतचे दिवस आम्हाला फार जड गेले. प्रमाण आवश्यकतेहून कितीतरी अधिक आले, तेव्हा डॉक्टरांनी स्वतः फोन करून कळवले.

पिंजऱ्याबाबत मात्र दवाखान्याकडून थोडा उशीर झाला. पिंजरा घ्या, असे त्यांनी नोव्हेंबरमध्ये सांगितले. माझ्या मते हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे, कारण कुत्र्याला पिंजऱ्यात आपणहून जाऊन झोपायची सवय लागायला महिने लागतात आणि ही सवय हीच प्रवासाची निम्मी तयारी असते. मोजमापे मात्र त्यांनी फार काळजीने घेतली. बिजलीला भिंतीलगत उभे करून शिंप्याच्या टेपने नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत, खांद्यांची रुंदी आणि उभी असताना डोक्याची उंची अशी चार मापे घेतली. ती अनुक्रमे ९०, ३६, २० आणि ८० सेंटिमीटर भरली. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे लांबीत कोपराच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा, खांद्यांची रुंदी दुप्पट करायची आणि उंचीत अंथरुणाची जाडी धरायची. म्हणजे आमच्या बिजलीला आतून १०८ सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ८० पेक्षा थोडा अधिक उंच पिंजरा लागत होता. हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, पुण्याच्या एका विक्रेत्याने तिचे २२ किलो वजन ऐकूनच एक आकार पक्का करून टाकला होता आणि त्यात तिला मान वर करून उभे राहताच आले नसते. कारवानी वजनाने हलका आणि उंचीने मोठा असतो. वजनावरून पिंजरा घेणाऱ्याची येथे फसगत ठरलेली आहे.

पिंजरा आल्यावर डॉक्टरांनी त्याच्या प्लास्टिकच्या खिट्या काढून धातूचे नट-बोल्ट लावायला सांगितले, पाण्याचे भांडे दार न उघडता बाहेरून भरता येते का ते पाहिले आणि अंथरूण म्हणून घरातली एक जुनी सोलापुरी चादर घालायला सांगितली. घडी घातलेली ती चादर खाली आणि ओलावा शोषणारी गादी वर, असे ते अंथरूण होते. पिंजरा आम्ही हॉलमध्ये दार काढून ठेवला, भाकरीचे ताट त्याच्या आत सरकवायला सुरुवात केली आणि पंधरा दिवसांनी दुपारची झोप ती तेथेच घेऊ लागली. पुढे भाकरी हळूहळू कमी करून कोरडे खाद्य वाढवले, कारण युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध असलेले पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे तेथे उतरल्यावर जे मिळणार तेच तिच्या अंगवळणी पडलेले असणे बरे.

प्रवासात तिला झोपेची गोळी द्यावी, असा सल्ला आम्हाला बहुतेक सगळ्यांनी दिला होता आणि मलाही ते दयाळूपणाचे वाटत होते. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. गुंगीतील प्राण्याला तोल सावरता येत नाही, उंचीवर त्याचा रक्तदाब आणि श्वास यांवर लक्ष ठेवायला जवळ कोणी नसते आणि अशा प्राण्याला विमान कंपन्या सहसा स्वीकारत नाहीत. शिवाय ग्रेहाउंड आणि कारवानी यांसारख्या सडपातळ शिकारी जातींच्या शरीरात चरबी कमी असल्याने काही भुलीच्या औषधांचा अंमल लवकर उतरत नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितले. त्याऐवजी त्यांनी ओढ बसताच मानेभोवती आवळणारा पट्टा घ्यायला लावला. कारवानीचे डोके मानेपेक्षा निमुळते असते आणि साधा पट्टा ती मागे सरकून सहज काढून टाकते. विमानतळावर पिंजऱ्याच्या तपासणीसाठी कुत्र्याला काही मिनिटे बाहेर काढतात, त्या मिनिटांत हाच पट्टा उपयोगी पडला असे मुलीने नंतर सांगितले.

शेवटचा आठवडा धावपळीचा होता. १८ जानेवारीला दवाखान्याने प्रवासास योग्य असल्याचे प्रमाणपत्र दिले. त्यानंतरचे काम केंद्र शासनाच्या प्राणी क्वारंटाइन आणि प्रमाणपत्र विभागाच्या मुंबई कार्यालयाचे असते आणि तेथे कुत्रा प्रत्यक्ष न्यावा लागतो. युरोपीय संघाचे आरोग्य प्रमाणपत्र दिल्यापासून तेथील प्रवेशाच्या तपासणीपर्यंत दहाच दिवस चालते, म्हणून ते फार आधी घेऊनही उपयोग नसतो. आम्ही रात्री गाडीने निघालो, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत भिगवणच्या पुढे तिला पाणी पाजले आणि २० तारखेला सकाळी मुंबईत पोहोचलो. दवाखान्याने कागदांची फाइल ज्या क्रमाने लावून दिली होती, त्याच क्रमाने तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी पाने उलटली: चिप, लस, टायटरचा अहवाल, योग्यतेचे प्रमाणपत्र, विक्रीसाठी नेत नसल्याचे मालकाचे लेखी निवेदन. प्रमाणपत्राचा नमुना इंग्रजीबरोबर जर्मन भाषेतही असावा लागतो, तो मुलीने आधीच काढून ठेवला होता. एकही कागद परत आला नाही. २४ तारखेला मुलगी आणि बिजली एकाच विमानाने गेल्या. मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडले तर तो मालकाबरोबरचा बिगरव्यावसायिक प्रवास धरला जात नाही, हे आम्हाला इतरत्र कोणी सांगितले नव्हते.

त्या एजंटाचे ऐकले असते तर काय झाले असते, याचा विचार अजूनही मनात येतो. नियमात न बसणाऱ्या प्राण्याला सीमेवरून परत पाठवणे, मालकाच्या खर्चाने विलग ठेवणे आणि यांतले काहीच शक्य नसेल तर त्याला मारणे, इतके अधिकार तेथील यंत्रणेला कायद्याने आहेत. ‘मॅनेज होते’ असे म्हणणाऱ्याला यातले काही भोगावे लागत नाही.

दवाखान्याविषयी दोन तक्रारी नोंदवणे आवश्यक आहे. वेळ ठरवून देण्याची पद्धत तेथे नाही, त्यामुळे संध्याकाळी दीड-दोन तास बसावे लागते आणि बाकड्यावर मांजर घेऊन आलेल्यांची भुंकणाऱ्या कुत्र्यांमध्ये फार कुचंबणा होते. दुसरे म्हणजे, एकूण खर्चाचा अंदाज लेखी मिळत नाही. चिप आणि लस यांचा खर्च फारसा नाही, खरा भार प्रयोगशाळेची फी, थंड पेटीचे कुरिअर, पिंजरा आणि विमानभाडे यांचा असतो, आणि हे पहिल्या भेटीत कागदावर मांडून दिले तर लोकांना निर्णय घेणे सोपे जाईल. मी हे डॉक्टरांना सांगितले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे.

तरीही, ज्यांना आपले कुत्रे किंवा मांजर घेऊन परदेशी जायचे आहे, त्यांनी पुण्या-मुंबईला फोन लावण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या पशुवैद्यकाकडे चिप वाचणारे यंत्र आहे का आणि टायटरसाठी त्यांनी पूर्वी नमुने पाठवले आहेत का, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. इंग्लंडसारख्या देशाचे नियम वेगळे आहेत, तेथे कुत्र्याला पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पट्टकृमीचे औषध पशुवैद्यकाकडूनच द्यावे लागते, तेव्हा देश कोणता ते पहिल्याच भेटीत सांगावे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. बिजलीची रेबीजची लस ९ ऑगस्टच्या आत तेथे द्यायला मुलीला सांगा, मुदतीत लस मिळत राहिली तर ही टायटर चाचणी आयुष्यभर चालते, एक दिवस चुकला तर पुन्हा रक्त द्यावे लागेल, असा त्यांचा निरोप होता. आपल्या वहीत त्यांनी ती तारीख ऑगस्टमध्येच लिहून ठेवली होती. मुलीने दवाखान्याची वेळ घेतली आहे, जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली.